सव्वा लाखाची मूठ

७ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार धरून चाल, मी थेट मुद्द्यावर येते. तुझ्याकडून परत येऊन पाच आठवडे झाले. जीभ जड झालीय म्हणून तू फोनवर येत नाहीस. ठीक. मग मी पत्र लिहिते आणि तू मामीला सांगून उत्तर लिहव. हात तिचा, जीभ तुझी. जड तर जड.

मामी म्हणाली, व्यायामाच्या बाईंनी दिलेला पिवळा चेंडू तू खणात टाकून दिलास, आणि उजव्या हाताची मूठ अजून तशीच घट्ट आहे. त्या बाई दवाखान्यात मलाही म्हणाल्या होत्या, लकव्याचा झटका येऊन गेल्यावर पहिले सहा महिने फार मोलाचे, तेवढ्यात बोटं उघडायला लावा. म्हणजे नोव्हेंबर ते मे. मी कॅलेंडरवर मेच्या पानाचा कोपरा दुमडून ठेवलाय. तुला आवडणार नाही, पण सांगितलेलं बरं.

आता गंमत ऐक. दर रविवारी मी मोनोटाइप शिकायला जाते! फ्रेमवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत वर्ग भरतो. पहिल्या दिवशी आत पाय टाकला आणि शाईचा तोच वास आला, तुझ्या छापखान्याचा. मी दारातच थबकले. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, माझ्या मामाचा वास येतोय. सगळा वर्ग खो खो हसला.

क्लिनिकमध्ये एक्स-रेच्या खोलीत आठवडाभर मी शिशाची दोनच अक्षरं हाताळते, फोटोत बाजू कळावी म्हणून लावायची, एक उजव्या बाजूचं, एक डाव्या बाजूचं. तू आयुष्यभर अख्खी बाराखडी हाताळलीस. रविवारी वाटतं, थोडी तुझ्या वाटेला लागले.

चेंडू खणातून काढ.

तुझी,
स्वल्पविराम


१५ जानेवारी

चि. स्वल्पविरामास,

तुला वेड लागलंय का? मोनोटाइप? आणि तेही फ्रेमवाल्याच्या मागच्या खोलीत?

त्या यंत्राची तुला कल्पना आहे का? आमच्या छापखान्यात मागच्या बाजूला होतं. एकीकडे कळफलक, त्यावर टकटक केलं की कागदाच्या पट्टीला भोकं पडायची, आणि दुसरीकडे त्या भोकांबरहुकूम उकळत्या शिशातून अक्षराचा एकेक खिळा ओतला जायचा. एकदा शिसं उडालं तर ओतणाऱ्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. मी साधा जुळारी, हाताने खिळे जुळवणारा, तरी त्या खोलीत जाताना बाह्या खाली करायचो. तुमच्या खोलीला धूर जायला वाट आहे का? हातमोजे कसले देतात? केस बांधतेस का? आणि मुळात ही यंत्रं केव्हाच भंगारात गेली, तर तुमच्या बाईंनी कुठल्या भंगारवाल्याकडून उचलली?

पहिल्यांदा हे वर्गाचं खूळ बंद कर. लहानपणी सुट्टीत छापखान्यात यायचीस तेव्हाही एका जागी स्वल्पविरामापेक्षा जास्त थांबायची नाहीस, म्हणून तर ते नाव पडलं. असल्या चंचल माणसाने उकळत्या शिशाजवळ जाऊ नये.

चेंडूचं म्हणशील तर मी काही रांगतं बाळ नाही.

तुझा मामा

(हे मामी लिहितेय. अगं, दवाखान्यातून आल्यापासून हे दिवसाला जेमतेम दहा शब्द बोलायचे. तुझं पत्र वाचलं आणि अर्धा तास तोंडाचा पट्टा थांबला नाही. टेबलावर हात आपटला, तोही उजवा! जीभ अडखळत होती, पण फिकीर कोणाला. आत्ता विचारताहेत, एवढं काय लिहितेस, मी एवढं बोललो नाही. तुला एकच सांगणं. असंच काहीतरी चुकीचं लिहीत जा. — मामी)


२३ जानेवारी

प्रिय मामा,

हसून हसून पोट दुखलं. अरे, ते मोनोटाइप नाही! शिसं नाही, धूर नाही, यंत्र नाही. हे चित्राचं मोनोटाइप. एक गुळगुळीत प्लास्टिकची प्लेट घ्यायची, तिला रोलरने शाई लावायची, मग चिंधीने, काडीने, बोटाने शाई पुसत पुसत चित्र काढायचं. वर कागद ठेवायचा आणि दाबायचा. छापा निघतो तो एकच. प्लेटवर काही कोरलेलं नसतं, त्यामुळे पुन्हा तसाच काढू म्हटलं तरी निघत नाही. म्हणून ते मोनो.

मी काल एक किटली काढली. किटलीचं झालं मांजर. शाई फार घट्ट वाटत होती म्हणून मी त्यात अर्धी बाटली तेल ओतलं. बरोबर केलं ना?

तुझी,
स्वल्पविराम


२ फेब्रुवारी

चि. स्वल्पविरामास,

अर्धी बाटली! शाई करत होतीस की डोक्याला लावायचं तेल?

नीट ऐक. सुरीच्या टोकावर येईल एवढंच तेल. मग काचेवर शाई मळायची, कणीक मळतात तशी जीव लावून. मग अंगठा आणि तर्जनीत चिमूटभर धरायची आणि बोटं हळूच फाकवायची. पाकासारखी तार आली पाहिजे. तार लांबत गेली तर शाई पातळ, आलीच नाही तर घट्ट. बेताची लांबून तुटली की समजावं जमलं. आणि रोलर फिरवताना कान दे. जास्त शाई असली तर पचपच आवाज येतो, बेताची असली की रेशमी कापडासारखी सळसळ.

एकच छापा निघतो म्हणतेस. चाळीस वर्षं मी जे केलं ते पहिल्या प्रतीसारखी पाच हजारावी प्रत निघावी म्हणून केलं. एक वेलांटी सरकली तर मालक डोक्यावर बसायचा. आणि तुम्ही मुद्दाम एकच काढता, तोही मांजराचा. काळ बदलला, दुसरं काय.

तुझा मामा

(माळ्यावरून यांचा जुना हातरोलर काढायला लावला. शेजारच्या स्टुलावर ठेवलाय, उगीच कुरवाळतात. मघाशी तार कशी काढायची ते तुला सांगताना डाव्या हाताने दाखवत होते आणि मी पाहिलं, उजव्याची तर्जनी जराशी हलली. मी म्हटलं, अहो, उघडा ना मूठ. तर म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. मला हसूही आलं आणि रडूही. — मामी)


१२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझी तार जमली! बाई म्हणाल्या, हे कोणी शिकवलं? मी ऐटीत म्हटलं, घरचं शिक्षण आहे.

पण कागदाने दगा दिला. मी कोरडा ठणठणीत कागद लावला, तर छापा अर्धवट, ठिपक्याठिपक्यांचा आला. मग मी कागद बादलीत बुडवून तसाच निथळता लावला, तर सगळी शाई वाहून गेली. आणि आणखी एक फजिती. प्लेटवर मी सुलट अक्षरात तू ठेवलेलं माझं टोपणनाव लिहिलं, तर कागदावर उलटं आलं! असं का बरं होत असेल?

तुझी,
स्वल्पविराम

(सोबतची घडी घातलेली चिठ्ठी मामीसाठी आहे. बायकांचं काही तरी. तू वाचू नकोस.)

मामी, तू म्हणालीस तशा चुका शोधून शोधून लिहितेय. कागद ओला करून टिपकागदात दाबायचा हे बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तर्जनी हलली हे वाचून मी क्लिनिकच्या बाथरूममध्ये जाऊन रडून आले. चिठ्ठी फाडून टाक.


२० फेब्रुवारी

चि. स्वल्पविरामास,

कागद टिपून घ्यायचा, मग गालाला लावून बघायचा. गार लागला पाहिजे, ओला नाही. पण हे तुला माहीत आहे.

ठसा उलटा उमटतो हेही तुला माहीत आहे. दुधाचे दात पडायच्या आधी तू माझ्या शेजारी स्टुलावर उभी राहून उलटे खिळे घडाघडा वाचायचीस. शाळेत सुलटं वाचताना अडखळायचीस म्हणून तुझी आई माझ्याशी भांडली होती. त्या मुलीला आज विचारावंसं वाटतं की उलटं का आलं? मला झटका आलाय, मला खुळा समजू नका.

चिठ्ठीही वाचली. तुझ्या मामीला कागद फाडून टाकायची सवय नाही, ती तो डब्याखाली ठेवते.

तुम्ही दोघी मिळून मला खेळवताय. लहान मुलाला घास भरवताना चिऊ-काऊ करतात तसं. मला कोणाची कीव नको. आता मोनोटाइपबद्दल काही लिहू नकोस.

मामा

(रोलर परत माळ्यावर गेला. माझं चुकलं गं. चिठ्ठी डब्याखाली ठेवायला नको होती. — मामी)


६ मार्च

मामा,

दोन आठवड्यांत तीन पत्रं लिहिली आणि फाडली. मी मामीसारखी नाही, मला फाडता येतं.

तू पकडलंस ते बरोबर. मी खोटं वागले. पण एक चूक खरी होती, पहिली. मोनोटाइप म्हटल्यावर तुझ्या डोळ्यासमोर उकळतं शिसं येईल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तू तिकडे माझ्या मनगटाच्या काळजीने टेबलावर हात आपटलास, आणि मला वाटलं, चला, मामा परत आला. मग लोभ सुटला. आणखी थोडा यावा, आणखी थोडा.

तुझी कीव मला कधीच आली नाही. मला भीती वाटते, मामा. माझ्या टेबलावर रोज हात येतात, मोडलेले, वाकडे झालेले. मी त्यांची बाजू बघते, शिशाचं अक्षर चिकटवते, बटण दाबते, पुढचा. तुझा हात मात्र मला बघवत नाही. त्या हाताने मला अक्षरं शिकवली. खाली सांडलेले खिळे मी गोळा करून आणायचे आणि तू न बघता नुसत्या बोटांनी चाचपून सांगायचास, हा ‘म’, हा ‘भ’, तो त्या खणात टाक. तो हात बंद झाला तर माझं बालपण कोणाच्या मुठीत गेलं असं वाटतं. आता तू रागाव.

सोबत दोन छापे पाठवतेय. पहिला खरा. तुझ्या छापखान्याची खिडकी, मला आठवते तशी. दुसरा त्याच प्लेटचा. पहिला छापा काढल्यावर वाटतं, सगळी शाई कागदाने घेतली, प्लेट संपली. पण नव्याने शाई न लावता दुसरा कागद लावून जोर देऊन दाबलं, की उरलंसुरलं तेही उमटतं. फिकं, धूसर. त्याला म्हणतात भूत. बाई म्हणतात, खूपदा भूतच जास्त सुंदर निघतं. माझंही तसंच झालं.

यात प्रश्न एकही नाही. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी,
स्वल्पविराम


१९ मार्च

चि. पोरी,

हे पत्र माझं, माझ्या मनाने लिहितेय. हे झोपलेत दुपारचे.

तुझं पाकीट आलं. यांनी वाचलं, घडी घातली. संध्याकाळी म्हणाले, ते दोन्ही कागद भिंतीला लाव. मी खिडकी वर लावली आणि भूत खाली. तर म्हणाले, उलट लाव, भूत वर.

दुसऱ्या दिवशी रोलर माळ्यावरून पुन्हा खाली आला. आणि तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरावर संकट आहे बघ! दुपारी दार आतून लावून घेतात. मला बंदी. मिठायांच्या खोक्याचं नाही का ते पारदर्शक झाकण असतं, तसलं एक घेतलंय. लाकडी डाव घेतलाय, कागद घासायला म्हणे, यंत्र नसलं तरी चालतं. माझे चार जुने ब्लाऊज चिंध्यांत गेले. फ्रिजच्या मुठीवर काळं, नळावर काळं, साखरेच्या डब्यावर काळा अंगठा. चोर असते तर पोलिसांनी एका तासात पकडले असते. मी कुरकुर करते, पण मनातून म्हणते, होऊ दे काळं.

पण तुला खोटी आशा लावणार नाही, एकदा पोळले. सगळं डाव्या हातानेच चाललं असणार. उजवा तर आता दिसेनासाच झालाय. घरातही लांब बाह्यांचा सदरा, हात खिशात. आंघोळीलाही मला आत येऊ देत नाहीत, म्हणतात, माझं मी करतो. व्यायामाच्या बाई आल्या की मला खोलीबाहेर काढतात. मी विचारलं तर त्या नुसत्या हसतात. त्यांना काय, दिवसाला दहा घरं.

मे जवळ आलाय हे मलाही कळतं. पण माणूस शीळ घालतोय गं, किती दिवसांनी. तेवढ्यावर मी खूश आहे.

तुझी मामी


९ एप्रिल

प्रिय मामा,

काल पार्सल मिळालं. आत पत्र नाही, चिठ्ठी नाही, दोन पुठ्ठ्यांमध्ये एकच कागद. जमिनीवर बसूनच उघडला.

मामा, काय छापा आहे! आधी पूर्ण काळं, तेही असं एकसारखं मखमली, की आमच्या बाईंनी बोट लावून पाहिलं. आणि मधोमध पांढरा पंजा. पाची बोटं फाकलेली, तळव्याच्या रेषासुद्धा आल्यात. शाईत तळवा दाबून उचललास ना? यंत्र नसताना, नुसत्या लाकडी डावाने घासून! वर्गात सगळ्यांनी पाहिला. बाई म्हणाल्या, यांना सांगा, रविवारी येऊन शिकवा.

डावा हात किती सुरेख आलाय तुझा. मी इतकी वर्षं उजव्याकडेच बघत राहिले, डाव्याकडे लक्षच गेलं नाही. करंगळी तेवढी अर्धवट दुमडल्यासारखी आलीय. त्याचं काही नाही, डाव्याला सवय नाही, हळूहळू येईल.

आणि मनातलं सांगते, आता लपवाछपवी नको. मी मेच्या पानाचा दुमडलेला कोपरा आज सरळ करून टाकला. मे आला तर येऊ दे. उजवा नाही उघडला तर नाही उघडला. तुला डावा आहे, मला तू आहेस. जो माणूस डाव्या हाताने हे करू शकतो, त्याच्या उजव्यासाठी मी रडणार नाही. (थोडी रडले. आता बास.)

छापा फ्रेमवाल्याकडे दिलाय.

तुझी,
स्वल्पविराम


१९ एप्रिल

गाढवे,

ठसा उलटा उमटतो.

डावा म्हणे. रोज शिशाचं अक्षर चिकटवून लोकांचा उजवा-डावा सांगतेस ना तू? तुझ्या रुग्णांना देव तारो. अंगठा कुठल्या बाजूला आलाय ते बघ. मग स्वतःचा उजवा तळवा टेबलावर ठेवून बघ. मग आरशात बघ.

या वेळची चूक मुद्दाम केली असशील तर शाब्बास. खरी असेल तर पहिल्या दिवसापासून पुन्हा वर्गात बस.

करंगळी हट्टी आहे, तुझ्या आईवर गेलीय. बाकी चौघे ऐकतात. दोन महिने तो पिवळा चेंडू खिशात घेऊन फिरलो. व्यायामाच्या बाईंना शपथ घातली होती. छाप्यावरून सगळ्यांआधी तुला कळावं अशी इच्छा होती, आणि तुला तो वाचता आला नाही. असो.

हे सगळं माझ्या उजव्या हाताने लिहिलंय. चार दिवस लागले. अक्षर कोंबडीचे पाय झालंय, पण प्रूफ तपासलंय, वेलांटी एकही चुकलेली नाही.

मेच्या पानाचा कोपरा पुन्हा दुमड. मेमध्ये तुझ्या वर्गाला येतो. केस बांधून बस.

झाकली होती तोवर मूठ सव्वा लाखाची होती. आता उघडली. सव्वा लाख बुडाले.

मामा

(लिहायला मला काही उरलं नाही, तरी यांच्या परवानगीने एवढा एक कंस घेते. उजवाच आहे गं. मी आत्ता हातात धरून पाहिला. — मामी)